समुद्रकाठचं कोरडं गाव

"समुद्राबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यानं फक्त भिंतीपासून लांब राहावं."

एका लग्नाच्या जेवणात तो हे बोलून गेला. समोरचे गृहस्थ डोळे अर्धे मिटून समुद्राचं कौतुक करत होते आणि नुसतं ऐकत बसणं त्याला बरं दिसेना. टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. आपण विनोद केला असं समजून तोही हसला. त्याची बायको तेवढी हसली नाही. हा माणूस विनोद करत नाहीये, हे तिथं एकट्या तिलाच ठाऊक होतं.

गळती शोधून ती बंद करणं हा त्याचा धंदा. छतावर पिवळा डाग उमटला, कपाटामागची भिंत घामेजली, रंगाचे पोपडे सुटायला लागले, की लोक त्याला बोलावत. तो यायचा आणि भिंतीला उलटा हात लावून, डोळे मिटून उभा राहायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. मग बोटाच्या पेरानं टकटक करत गिलावा कुठं पोकळ झालाय ते ऐकायचा. मिस्त्री मंडळींनी त्याचं नाव डागदर पाडलं होतं, आणि वरवर कपाळाला आठ्या घातल्या तरी ते त्याला मनातून आवडायचं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी ओतायचं आणि खालच्या मजल्यावर तोच रंग कुठून उतरतो त्याची वाट बघत बसायचं, ही त्याची खास पद्धत. त्यावर दोन बिऱ्हाडांचं जुनं भांडण मिटायचं, नाहीतर नव्यानं पेटायचं. "डाग खोटं बोलतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. "पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे." हे वाक्य ऐकून लोक भारावून जात. बोलताना तोही जाई.

अडचण एवढीच होती, की काम संपलं तरी हात खिशात घालायला तो कधी शिकला नाही. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी त्याची नजर वर जाई. एकदा एका मयताच्या घरी सगळे मान खाली घालून बसले होते आणि हा एकटा छताकडे बघत होता. चेहरा गंभीर, डोळे वर. "किती हळवे आहेत हो तुमचे मिस्टर," असं नंतर कुणीतरी बायकोला म्हणालं. तिनं मान डोलावली. पंख्याच्या हुकाभोवती ओल आहे, हे त्यानं तिला जिना उतरतानाच सांगितलं होतं.

लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा बोलणी रंगात आली असताना त्यानं सोफ्यामागच्या भिंतीला उलटा हात लावला.

"काय झालं हो?" होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, "अजून वेळ आहे."

लग्न मोडता मोडता राहिलं.

हे सगळे किस्से तो स्वतःच सांगत असे आणि छान सांगत असे. आपल्यावर लोकांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, हा त्याचा स्वतःपुरता वॉटरप्रूफिंगचा थर होता. त्यातून काही आत शिरत नसे. आतलं काही बाहेरही येत नसे, पण तिकडं त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

बायको एका हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून कागद आत येणार, कागद बाहेर जाणार. निवृत्ती जवळ आली, तशी एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "मला युरोपात जायचंय. भरभर दहा शहरं बघायला नाही. समुद्राकाठचं एखादं छोटं गाव. चालत फिरता येईल असं."

"समुद्र तर इकडंही आहे."

"आहे. पण इकडं खिडकीत बसले, की कुणी ना कुणी काहीतरी विचारायला येतं. मला अशी खिडकी हवी, की जिच्यासमोर कुणाला माझं काम नाही. मला तिथली भाषासुद्धा यायला नको." मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "आणि तुम्ही बरोबर हवे आहात. लग्नानंतर आपण एकदाच गेलो होतो, ते आठवतंय ना?"

आठवत होतं. थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. हॉटेलात शिरल्या शिरल्या त्याला जिन्यात वास आला आणि मग मुक्कामभर तो मॅनेजरबरोबर गच्चीवरच होता. त्या सहलीतला एकच फोटो घरात आहे. दरीसमोर ती एकटी उभी आहे. फोटो वेटरनं काढलाय.

"या खेपेला गाव ठरवताना खोडा घातलात," ती म्हणाली, "तर मी माझ्या ताईला घेऊन जाईन. सांगून ठेवते."

"अगं, मी कशाला खोडा घालू?" तो म्हणाला, आणि हे त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

रोज रात्रीची जेवणं आटोपली, की टेबल पुसून बायको त्यावर लॅपटॉप उघडायची. परगावी राहणाऱ्या लेकीनं कसले कसले लेख शोधून पाठवले होते. सगळ्यांच्या मथळ्यात 'मोहक' हा शब्द असे. मोहक गावं, मोहक बंदरं, मोहक गल्ल्या. मोहक म्हणजे काय, ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग कळलं. ज्या भिंतीचे पोपडे निघालेत आणि ती दुरुस्त करायचा कुणाचाही विचार नाही, ती मोहक.

गावांची नावं दोघांनाही धड उच्चारता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. पहिलं पिवळ्या घरांचं गाव. कड्यावर एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं, खाली निळं पाणी, सज्ज्यांत फुलांच्या कुंड्या.

"किती सुंदर," बायको म्हणाली.

"हे मोठं कर जरा. नाही, कुंडी नको, कुंडीच्या खाली. बघ. सळ्या गंजून फुगल्यात. या सज्ज्यावर उभं राहून तू समुद्र बघणार?"

मग पांढऱ्या घरांचं गाव. तिथं त्यानं फक्त "दरवर्षी पांढरा रंग का लावत असतील?" एवढंच विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. तेही बाद झालं. मग मासेमारी बंदराचं गाव. तिथल्या गुलाबी भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागला होता, म्हणजे मीठ फुटून वर आलं होतं, त्या मिठात लोळवून काढल्यासारख्या दिसत होत्या. बायकोनं लॅपटॉप मिटला.

"तुम्हीच सांगा मग," ती म्हणाली. "तुमच्या पसंतीचं एक तरी गाव दाखवा."

त्यानं दोन दिवस घेतले आणि एक शोधून काढलं. नवंकोरं दहा मजली हॉटेल, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, बाहेरून फरशी चढवलेली. समोर मोठा रस्ता. समुद्र हॉटेलच्या मागे होता, मधे पार्किंग होतं.

बायको बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. "हे आमचं हॉस्पिटल आहे," ती म्हणाली.

"पण कोरडं आहे."

फोनवर लेक हसून लोळली. "बाबा, समुद्रकाठचं कोरडं गाव शोधताय तुम्ही?" त्यालाही हसू आलं. नंतर हा किस्साही त्यानं चार ठिकाणी सांगितला.

हे असं चाललेलं असताना एका संध्याकाळी बायकोला ती खिडकी सापडली. एका छोट्या गावातल्या म्हातारीच्या घरातली वरची खोली. खिडकीची झडपं हिरवी, तिच्यापाशी लाकडी टेबल, टेबलासमोर दोन खुर्च्या. खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं. ना किनारा, ना माणसं. बायको काही बोलली नाही. बायकोनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "हे. बस झालं आता. हे."

तिचा चेहरा बघून त्यानं लगेच होकार दिला. खोली तिनं आपल्या नावानं धरून ठेवली. दोघांनी त्या दिवशी आणखी एकेक कप चहा घेतला, आणि झोपेपर्यंत त्यानं एकाही भिंतीचं नाव काढलं नाही.

तिथंच तो थांबला असता, तर या माणसाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कामावर, एका अर्धवट खरवडलेल्या भिंतीसमोर उलट्या बादलीवर बसून डबा खाताना त्यानं फोनवर तो फोटो उघडला. खिडकी बघायला उघडला, असं तो नंतर म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. बोटांनी मात्र आपोआप खिडकीच्या खालचा भाग मोठा केला. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापासून एक करडी छटा खाली टेबलामागे उतरत गेली होती. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

शेजारी बसलेल्या मिस्त्रीनं मान लांब केली. "कुठलं काम आहे, साहेब?"

"युरोपातलं."

"येण्याजाण्याचं भाडं कोण देणार?"

"मीच."

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं आणि आपला डबा जरा लांब सरकवला.

त्याला खरोखर काळजी वाटली होती. ती तिथं जाणार, त्या खुर्चीवर बसणार आणि तिच्या नाकासमोर ती भिंत कुबट वास सोडत राहणार. पाणी घाई करत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला घर पाडायचं नसतं, त्याला फक्त आत यायचं असतं. एवढं सगळं माहीत असून गप्प बसलो तर आपण कसले नवरे, असं त्याला वाटलं. त्यानं फोटोवर त्या डागाभोवती लाल गोल काढला आणि भाषांतर करणाऱ्या अॅपच्या मदतीनं मालकिणीला निरोप धाडला. या भिंतीला ओल कधीपासून आहे? गच्चीवर शेवटचा थर कधी दिला? सकाळी खोली उघडल्यावर वास येतो का? आणि शेवटी, मन मोठं करून, खिडकीची चौकट काढून सांधे कसे भरावेत याचा सल्ला. मोफत.

खाली त्यानं आपलं नाव घातलं होतं, पण निरोप बायकोच्या, त्याच्याही फोनवर असलेल्या खात्यावरून गेला होता, कारण खोली तिच्या नावानं धरलेली होती. म्हणून उत्तरही तिलाच आलं. ती हॉस्पिटलमधून घरी आली, पर्स खांद्याला तशीच ठेवून टेबलापाशी उभी राहिली आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"महोदय, ही भिंत माझ्या आजीच्याही आधीची आहे. तिला ओल आहे. माझ्या हाडांतही आहे. आम्ही दोघी समुद्राजवळ राहतो, दुसरं कारण नाही. तुमचा लाल गोल मी शेजारणींना दाखवला, त्या खूप हसल्या. खोली तुम्हाला देता येत नाही. नव्या भिंती असतील तिथं जा, तुम्हाला शांत झोप लागेल."

तो म्हातारीच्या उत्तरावर खूश झाला. हाडांतली ओल वगैरे. हसत मान वर केली, तर बायको हसत नव्हती.

"तुम्ही तिला लाल गोल काढून पाठवलात?"

"काळजीपोटी गं."

"कुणाच्या?"

इथं काय म्हणायला हवं, ते जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं. त्यालाही कळत होतं. पण आयुष्यभराची सवय जिभेवर आधीच येऊन बसली होती. "भिंतीच्या," तो म्हणाला.

बायकोनं पर्स खाली ठेवली. "तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, खिडकीवर कुणाला 'डॉक्टर आज नाहीत' असं सांगावं, तसा होता. "ते सरळ सांगायचं होतं ना. उगाच जगातल्या भिंतींना कशाला नावं ठेवली? मी ताईबरोबर जाते. शनिवारी आम्ही ट्रॅव्हलवाल्यांकडे जाऊन नक्की करतोय."

ती त्याच संध्याकाळी ताईकडे राहायला गेली. भांडून नाही. डबा भरून ठेवून, गॅस बंद करायची आठवण देऊन. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

घरात तो एकटा उरला. घर उत्तम होतं. चारही भिंती खणखणीत, छत गुळगुळीत, कुठं भेग नाही, डाग नाही. एवढ्या वर्षांत त्यानं या घरात पाण्याचा थेंब शिरू दिला नव्हता. तो या खोलीतून त्या खोलीत फिरला, सवयीनं भिंतींना उलटा हात लावत. सगळीकडे सारखाच गारवा. रिकाम्या खोक्यात एखादी वस्तू शिल्लक राहावी तसं त्याला वाटलं, आणि ती वस्तूही काही फार उपयोगाची नाही, असंही.

तिला वाटतं, मला यायचं नाही. हे कुठून आलं? वाक्य भिंतीचं होतं, डाग मात्र तिच्या मनावर पडला. पाणी शिरतं एकीकडे, असं त्यानं हजारदा लोकांना ऐकवलं होतं, नाटकातल्या डॉक्टरसारखं, थांबून थांबून. लोकांच्या घरात ते खरं ठरायचं. स्वतःच्या घरात त्यानं वरच्या मजल्यावर जाऊन कधी बघितलंच नव्हतं. डागदर! एक नंबरचा भोंदू डॉक्टर.

त्यानं लेकीला फोन लावला.

"आई कशी आहे विचारायला केलात का? मजेत आहे. मावशी तिला गुडघ्यांच्या व्यथा सांगतेय."

"ते नाही. मला सांग, तिथं जाऊन लोक काय करतात?"

"कुठं?"

"त्या गावांत. सकाळपासून."

"बसतात. बघतात. चालून येतात, परत बसतात."

"आणि?"

"आणि काही नाही, बाबा. काहीच करत नाहीत."

मग त्यानं हसत हसतच विचारलं, "ते मला जमेल का गं?" हसू मधेच कुठंतरी विरून गेलं. तिकडं लेकही हसली नाही.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते," ती म्हणाली.

"भीती कसली? मी आपला..." त्यानं एक किस्सा सांगायला सुरुवात केली आणि सोडून दिली. खरं म्हणजे भीतीच होती. काहीही दुरुस्त करायचं नाही, कुणी बोलावलेलं नाही, अशा खुर्चीवर तो तिच्याशेजारी कधी बसलाच नव्हता. तिथं बसल्यावर दोघांमधे फक्त पाणी. त्यात आपण कोण दिसू, ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि ती जाऊन ताईशेजारी बसली, तर ते कधीच कळणार नव्हतं.

"आईला हे सांगितलंत?" लेकीनं विचारलं.

"सांगेन."

"किस्सा करून नका सांगू."

शनिवारी तो ट्रॅव्हलवाल्यांच्या ऑफिसात पोचला, तेव्हा बायको आणि ताई आत बसल्या होत्या. भिंतींवर विमानांचे आणि पाम वृक्षांचे फोटो, काचेचं टेबल, त्यामागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई. त्याला बघून ताई आधी बोलली.

"या, जावईबापू! तपासणीला आलात?"

"बसू का?" त्यानं बायकोला विचारलं.

तिनं शेजारची खुर्ची दाखवली. तो बसला. बाईंनी सुरू केलेलं बोलणं पुढं चालवलं. तेच गाव, पण दुसरं घर. खोली लहान आहे, खिडकी आहे, समुद्र दिसतो. "फोटो दाखवू?" असं म्हणून त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

बायकोनं आपला पंजा पडद्यावर ठेवला. "यांना नको," ती म्हणाली.

"बरं," बाई गोंधळून म्हणाल्या. त्यांनी अर्ज पुढं केला. त्यात बायकोचं नाव लिहिलेलं होतं, खालची ओळ मोकळी. "दुसरं नाव कुणाचं घालू?"

ताईनं उसासा टाकला. "माझंच घाला. मला काही पाण्याचं वेड नाही हो, बोटीत बसले की उलट्या होतात. पण हिच्यासाठी येतेय. कुणीतरी यायला हवं ना."

बायको त्या मोकळ्या ओळीकडे बघत होती. तिनं पेन उचललं नव्हतं.

त्याला बोलायचं होतं. वाटेत त्यानं वाक्य जुळवलं होतं, साधंच, किस्सा न करता. तेवढ्यात कोपऱ्यात टप्पकन आवाज झाला. कुणी मुद्दाम घडवून आणल्यासारखा. त्याची मान वर गेली. थांबवायच्या आत गेली. छतात बसवलेल्या एसीच्या खाली कचऱ्याची टोपली ठेवली होती आणि तिच्यावर, छताच्या पांढऱ्या पीओपीत, मोठा पिवळा डाग पसरला होता.

"अगं बाई," ताई म्हणाली, "मिळालं यांना काम. विचारा हो यांना, याच विषयातले मोठे तज्ज्ञ आहेत."

"खरंच?" बाईंचा चेहरा खुलला. "साहेब, बघता का जरा? तिघांना दाखवून झालं. वरच्या मजल्यावाल्यांशी आमची बोलाचाली बंद आहे यावरून. ते म्हणतात, आमचं पाणी नाही. मग कुणाचं?"

वरच्या मजल्यावाल्यांचं नव्हतं. ते त्याला मान वर गेली त्याच क्षणी दिसलं होतं. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी पीओपीतून बाहेर निघते तिथं उलट्या उतारानं बसवली होती, पाणी बाहेर जाण्याऐवजी मागं फिरून पीओपीत मुरत होतं. दोन स्क्रू सैल करायचे, नळी बोटभर खाली घ्यायची. एका वाक्याचं काम. दोन शेजारी बोलायला लागले असते. वर कुणीतरी निरपराध माणूस विनाकारण शिव्या खात होता. सगळा न्याय, सगळी माणुसकी त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली होती, आणि हात खुर्चीच्या दांड्यावरून उठत होता.

त्यानं बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं हळूच पेन उचललं होतं आणि ती ते ताईकडे सरकवत होती, त्याला दोष न देता, हे असंच होणार हे ठाऊक असल्यासारखी.

त्यानं ते पेन मधेच घेतलं. मोकळ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शेवटचं अक्षर तर रेघेच्या खाली घसरलं. पेन तिच्या हातात परत ठेवताना त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांवर राहिली, उलटी नाही, सरळ.

"अरे वा," ताई म्हणाली.

"साहेब, पण ते छताचं..." बाई म्हणाल्या.

टोपलीत आणखी एक थेंब पडला. आणखी एक मिनिट इथं बसलो तर आपण बोलणार, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्यानं तोंड घट्ट मिटलं, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, खुर्ची मागे सारून उठला आणि काचेचं दार खांद्यानं ढकलून एक शब्दही न बोलता बाहेर पडला.